पाणसोट

अमरावतीच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहून आंबलेलो असताना शेजारच्या संत्रा बागायतदारानं बायकोचा कॅन्सरचा रिपोर्ट माझ्यापुढं धरला. मी जीवशास्त्राचा मास्तर, न विचारता शिकवणारा. म्हणालो, "हे प्रोटीन वाढलंय. ते पेशीला मरू देत नाही."

"मंग तं बेसच झालं, सर!" त्यानं पिशवीतलं संत्रं मला दिलं. अर्धं खाऊन झाल्यावर मी सांगितलं, की त्या पेशी कॅन्सरच्याच.

तो दुसरं संत्रं सोलून त्याच्या शिरा काढत राहिला. "म्हंजे पाणसोट. फांदी हिरवीगार वाढते, फळ देत नाही, सारं झाड खाते."

बायको तपासणी करून भिंतीला धरून आली. "काय म्हून राहिले सर?"

"मरू देत नाही म्हन्तात," तो म्हणाला.

ती माझ्याकडं पाहून हसली. आयुष्यात पहिल्यांदा मी धडा अर्धाच ठेवला.