भास्करची काळी-पिवळी

आमच्याकडे चहाला आलेला पाहुणा उठायला लागला की शिरीष म्हणतो, "बसा हो, कोंबडीचं तरी ऐकून जा." कोंबडीचं झालं की मी म्हणते, मग टाकीचंही ऐकावं लागेल. निसारभाई असतील तर ते लगेच गाडीच्या रंगावर येतात, आणि पाहुण्याचा चहा दुसऱ्यांदा गरम होतो. गाडी एकच होती, पण किस्से दहा गाड्यांचे निघाले.

शिरीष माझा नवरा. भास्कर त्याचा कंपनीतला दोस्त. दोघंही नाशिकच्या सातपूरला एकाच कारखान्यात टूलरूमला होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. हिवाळ्यात कामावरून परतताना, अंधार पडायच्या वेळी, भास्करला एका टेम्पोने उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढे नकली पाय बसला, कंपनीने टेबलावरचं काम दिलं, पण माणूस गप्प झाला. पूर्वी डबा खातानाही गाड्यांवर बोलायचा. आता कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसायचा आणि न बोलता उतरायचा.

शिरीषला आठवलं, की भास्करच्या वडिलांची एक विलायती मोटरसायकल सिन्नरला मळ्यात पडून आहे. वडील गुरांचे डॉक्टर. पंचक्रोशीतल्या गाई-म्हशी त्यांनी त्या गाडीवर फिरून तपासल्या. ते गेले आणि गाडी गोठ्यात गेली. शिरीषने ठरवलं, ती नाशिकला आणायची, गंगापूर रोडच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये उभी करायची आणि भास्करसाठी चालती करायची. भास्करला काही सांगायचं नाही.

तिथून सुरुवात.

*

गाडी आणायला शिरीष आणि निसारभाई टेम्पो घेऊन सिन्नरला गेले. निसारभाईंचं सातपूरला वेल्डिंग आणि पेंटिंगचं वर्कशॉप. गोठ्यात जाऊन बघतात तर सीटवर कोंबडी बसलेली. सीटचं कातडं कधीच गेलं होतं, आतल्या काथ्यात तिने घर केलं होतं.

निसारभाईंनी तिला उचलायला हात पुढे केला, तशी भास्करची आई मधे आली. तिला सगळे आक्का म्हणतात. कोंबडी अंड्यावर बसलीय, तिला हलवायचं नाही, असं आक्काने बजावलं. शिरीषने समजावून पाहिलं, की टेम्पोचं भाडं ठरलंय, सीट तेवढी काढून इथेच ठेवतो. सीट काढायला नट सुटायला हवेत, आणि ते इतके गंजलेले की हातोडा मारावा लागणार. हातोड्याला आक्का तयार नव्हती.

"इतकी वर्सं उभी हाय," ती म्हणाली, "पिल्लं निघंपत्तुर उभी ऱ्हाईल."

टेम्पो रिकामा परत आला. पुढच्या महिन्यात गाडी आली, आणि सोबत एका खोक्यात दोन पिल्लं. आक्काने ती माझ्यासाठी पाठवली होती.

*

गाडी सोडवायला शिरीषला दोन रविवार पुरले. पण सोडवलेलं इंजिन गॅरेजच्या धुळीत ठेवायचं नाही म्हणून ते माझ्या जेवणाच्या टेबलावर आलं. छोटे नट-बोल्ट, बेअरिंगचे छर्रे हरवू नयेत म्हणून मिसळणाच्या डब्यात गेले. एका सकाळी मी फोडणीला मोहरी घ्यायला गेले आणि हाताला छर्रे लागले.

मी भास्करला फोन लावला. सांगितलं, "भावोजी, माझ्या घरात तुमच्या वडिलांचं इंजिन आहे. तुम्ही येऊन ते जोडा, नाहीतर मी उद्या भंगारवाल्याला हाक मारते."

मग त्याने एवढंच विचारलं, की कुणी सोडवलं. मी म्हटलं शिरीषने. फोन ठेवला गेला.

तासाभरात रिक्षा दारात. इतके महिने आम्ही जेवायला बोलवत होतो तर येत नव्हता. काठी टेकत आत आला, टेबलाभोवती एक फेरी मारली, पिस्टन उचलला, शिरीषच्या हातातली कनेक्टिंग रॉड बघितली.

"उलटी धरलीयस," म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

संध्याकाळी त्याला उठवायला मला टेबलावर ताटं मांडावी लागली.

*

इंजिनच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, नवे बेअरिंग बसवायचे तर केस गरम करावी लागते. ती दोघांनी माझ्या दिवाळीच्या मोठ्या पातेल्यात, गॅसवर पाणी उकळून गरम केली. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, झाकण हलताना बघितलं आणि आज काय बेत म्हणून विचारलं.

भास्कर म्हणाला, "गिअरबॉक्स. पण शिजायला वेळ आहे, काकू."

काकू विरजण न घेताच गेल्या.

*

पेट्रोलच्या टाकीला इतके पोचे होते की ती आक्काच्या जुन्या घागरीसारखी दिसायची. निसारभाईंनी हात जोडले. म्हणाले, पत्रा पातळ झालाय, मी ठोकला तर फाटेल. मग भास्करच म्हणाला, की ठोक्याचं काम आहे ना, मग तांबटांकडे जाऊ.

गेलो भांडीबाजारात. भास्कर, शिरीष आणि मी. तिथे हंड्या-कळशा घडवणारे एक आजोबा बसले होते. त्यांनी टाकी मांडीवर घेतली, बोटांनी फिरवून बघितली, वाजवून बघितली. हे कशाचं भांडं, असं त्यांनी विचारलं नाही. आठवड्याने या म्हणाले.

आठवड्याने गेलो तर टाकी गुळगुळीत. आजोबांनी तोंडाशी डोळा लावून आत बघितलं आणि जणू आत ताक ठेवायचंय अशा थाटात, अगदी मनापासून विचारलं, "आतून कल्हई करून देऊ का?"

शिरीष नाही म्हणणार, तेवढ्यात भास्कर म्हणाला, "करा. पेट्रोल कळकायला नको."

आणि हसला. आधी आजोबा हसले, मग हा. भर बाजारात काठीवर रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. अपघातानंतर त्याला हसताना आम्ही पहिल्यांदा बघत होतो. मी उगाच एक तांब्या विकत घेतला.

कल्हई झाली बरं का. टाकीत आजवर गंज नाही.

*

आता खरी अडचण. त्या जुन्या विलायती गाड्यांचा गिअर उजव्या पायात असतो आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. म्हणजे किक आणि गिअर भास्करला जमणार, ब्रेक नाही. शिवाय गाडी थांबली की डावा पाय टेकायचा, तो भरवशाचा नाही.

उपाय भास्करनेच काढला. डाव्या बाजूला साइडकार लावायची, म्हणजे पाय टेकायला नको. आणि हँडलच्या एकाच लिव्हरला दोन केबल जोडून पुढचा-मागचा ब्रेक एकदम लावायचा. त्याने लिव्हर स्वतः घडवली. साइडकार निसारभाईंनी पत्र्याची बांधली. आतली बैठक म्हणजे आमची वेताची खुर्ची, पाय कापून.

रंगावरून वाद झाला. शिरीषचं म्हणणं, मूळची गाडी काळी, तर सगळं काळंच हवं. भास्करलाही काळाच हवा होता. निसारभाईंनी काळ्याचा डबा उघडलाही. त्या दिवशी आक्का आली होती, पायरीवर बसून शेंगा सोलत होती.

"गाडी असू द्या काळी," ती म्हणाली. "पण ती बाजूची पेटी पिवळी करा. अंधार पडताना लांबून दिसली पायजे."

निसारभाईंनी डब्याला झाकण लावलं, शर्टाला हात पुसले आणि पिवळा आणायला गेले.

*

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तो रविवार. सकाळपासून किका मारून सगळे दमले होते. शिरीष झाला, निसारभाई झाले, काकूंचा जावई झाला. शेवटी भास्कर म्हणाला, आता मी बघतो. त्याने गाडीवर बसून नकली पाय नीट रोवला, किक हळूच दाबून अंदाज घेतला, आणि एकच मारली.

त्या आवाजाने खिडक्यांची तावदानं वाजली. निसारभाईंनी भास्करला गाडीसकट मिठी मारली. शिरीष गॅरेजमध्येच खाली बसला.

मला आक्का आठवली. सिन्नरला तिच्या शेजारी पिठाची गिरणी होती, तिथे फोन होता. मी फोन लावला, तिला बोलवून घेतलं आणि आमच्या फोनची वायर पुरेल तितकी ओढून रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. भास्करने गाडी जरा वाढवली, मग धीमी केली. मी रिसीव्हर कानाला लावला.

मी विचारलं, ऐकू आलं का?

पूर्वी मळ्याच्या वळणावर हा आवाज आला, की ती डॉक्टरांसाठी चूल पेटवून तवा टाकायची. हे भास्करने मला नंतर सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ठिवते आता. तवा टाकायचाय."

गाडीचे ब्रेक अजून जोडले नव्हते. आम्ही चौघं एसटीने सिन्नरला गेलो आणि भाकरी खाऊन आलो. जाणं भागच होतं.

*

ब्रेकची पहिली चाचणी घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर झाली. साइडकारमध्ये वजन पाहिजे म्हणून मी. गाडी सुरेख निघाली, केस उडायला लागले, मला ओरडून गावंसं वाटत होतं. भास्करने ब्रेक दाबला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी फिरली, आणि आम्ही ज्या दिशेने आलो त्या दिशेला तोंड करून थांबलो. मी पिवळ्या पेटीत दोन्ही हातांनी कडा धरून बसलेली.

भास्करने बाजूला वळून मी जागेवर आहे ना ते बघितलं.

"वळण जमलं, वहिनी," म्हणाला. "आता थांबायचं बघू."

*

रस्त्यावर काळी गाडी आणि पिवळी पेटी म्हटल्यावर लोकांना काय वाटणार? एकदा भास्कर सीबीएसच्या एसटी स्टँडजवळ शिरीषची वाट बघत उभा होता. एक आजोबा गावाहून एसटीने उतरले, पिशवी साइडकारमध्ये ठेवली, स्वतः बसले आणि पंचवटी म्हणाले.

शिरीष येऊन बघतो तर गाडी नाही. अर्ध्या तासाने भास्कर परत आला. आजोबांना थेट त्यांच्या लेकीच्या दारात सोडलं होतं, आणि लेकीने दिलेला चहाही प्यायला होता. शिरीष वैतागला, की अरे त्यांना सांगायचं ना ही टॅक्सी नाही.

"का सांगू?" भास्कर म्हणाला. "इतके दिवस मला सगळे पोचवत होते."

*

आमच्यात सगळ्यात लाडका किस्सा मात्र त्याच्याही आधीचा, गाडीच्या सरकारी तपासणीचा. बदल केलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आरटीओच्या साहेबांसमोर चालवून दाखवावी लागते. त्यांचा शिक्का मिळाला नाही तर सगळी मेहनत गॅरेजमध्येच राहणार. आदल्या दिवशी शिरीषने हौसेने किक मारली, किक उलटी आली आणि त्याच्या नडगीवर बसली. पाय हा एवढा सुजला. सकाळी तो भास्करची जुनी काठी टेकत, लंगडत मैदानावर आला.

भास्कर नवा शर्ट घालून, बूट चढवून गाडीवर ताठ बसला होता. आदल्या रात्री झोपला नसावा, पण चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हता. मी आणि निसारभाई कडेला उभे.

साहेब बारकाईने बघणारे होते. पाय नसलेल्या माणसासाठी बदल केलेली गाडी, असं कागदावर वाचलं, लिव्हर दाबून बघितली, केबल ओढून बघितल्या. मग भास्करला चालवायला सांगितली. भास्करने आठचा आकडा काढला. पुन्हा उलट्या बाजूने काढला. वेगात येऊन पांढऱ्या रेषेवर अशी थांबवली की पुढचं चाक रेषेला नुसतं टेकलं. निसारभाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

साहेब खूश झाले. कागद काखेत धरून ते सावकाश चालत शिरीषपाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाले, "तुमच्या मित्राने गाडी उत्तम दाखवली. आता तुम्ही बसा. घाबरू नका, हळूहळू चालवा."

शिरीषने तोंड उघडलं, पण तेवढ्यात गाडीवरून भास्करचा आवाज आला.

"त्याला नाही जमणार, साहेब. त्याला दोन्ही पाय आहेत."