फिनाइलनं धुतलेला बाक
फिनाइलचा वास आला की मला ताम्हिणीचा तो ढाबा आठवतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता, एड्सचं नाव नुकतंच कानावर येऊ लागलं होतं. पुण्याहून मानसशास्त्राचे एक प्राध्यापक ट्रकड्रायव्हरांपुढे व्याख्यान द्यायला आले होते आणि त्यांची लांबलचक ओळख करून द्यायला मी. बाहेर धुकं, आत रॉकेलच्या स्टोचा भपकारा. धोका आपल्यालाच आहे हे पटलं, भीती बसली, की माणूस वागणं बदलतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो एकालाच पटला. कोपऱ्यात खोकत बसलेला एक ड्रायव्हर उठून म्हणाला, "सायेब, ह्याची तपासणी कुटं व्हती? मला करायची हाय." शेजारचे दोघं आपापले ग्लास घेऊन लांब सरकले. "नीघ हितनं," ढाब्याचा मालक ओरडला. "आरं, निस्तं इचारलं मी." मालकानं त्याचा ग्लास दगडावर फोडला आणि त्याच्या देखत बाकावर फिनाइल ओतलं. प्राध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, "पाहिलंत? वर्तन बदललं." त्या ड्रायव्हरचा ट्रक घाट उतरून गेला; तपासणी कुठे होते, ते सांगायचं राहूनच गेलं. मग प्राध्यापकांनी विचारलं, "आणखी कोणाला काही शंका?" कोणालाच नव्हती. आजही व्याख्यान संपल्यावर सभागृह गप्प राहिलं की वक्ता खूश होतो, आणि मला तो वास येतो.