डेटा सेंटरमागच्या कुरडया

माझं काम काय, हे खामगावात कुणाला सांगायची वेळ आली की पंचाईत होते. लोकांना तहसीलमधली नोकरी कळते, बँकेतली कळते, शाळेतली तर कळतेच. डेटा सेंटर म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विचारतो, मंग तिथं झेरॉक्स निघते का? सुरुवातीला मी समजावत बसायचे. तुमच्या फोनमधले फोटो, बँकेतला हिशोब, गॅसचं बुकिंग, हे सगळं कुठंतरी मोठाल्या मशीनांत साठवलेलं असतं. त्या मशीन तापतात. त्यांना थंड ठेवायचं आणि तिथं कुणाला शिरू द्यायचं नाही, हे माझं काम. एवढं सगळं शांतपणे ऐकून आमच्या गल्लीतल्या एका काकांनी निष्कर्ष काढला की मी कोल्ड स्टोरेजवर वॉचमन आहे. तेव्हापासून मी समजावणं सोडलं.

हे सेंटर आमच्या गावाबाहेर, एका बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंगच्या जागेवर का आलं, तर पुण्याच्या साहेबांनी नकाशा पाहिला. समुद्र नाही, पूर नाही, भूकंप नाही. मुंबईतल्या मशीनांना काही झालंच तर त्यांची नक्कल जपायला याहून बरी जागा नाही, असं ठरलं. मे महिन्यात इथं काय होतं ते नकाशात दिसत नाही, आणि इथल्या कुणाला विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

मी तेव्हा त्याच कंपनीत पुण्यात होते. इथली जागा निघाल्यावर मी अक्षरशः भांडून ती मिळवली. कारण आई. वडील गेल्यावर ती खामगावात एकटी राहत होती आणि पुण्याचं नाव काढू देत नव्हती. एकदा आली होती, आठवड्याच्या आत परत गेली. तिची तक्रार एकच, तिथली माणसं दार लावून जेवतात. तिचं माहेर वरवट बकालचं. तिथं जेवताना दार लावलं तर शेजारी येऊन विचारतील, घरात कोण आजारी आहे.

तर मी आले, सेंटरची इन्चार्ज झाले, आई खूश झाली, मी खूश झाले. आणि या उन्हाळ्यात पुण्याहून निरोप आला की ऑडिट आहे. दोन गोष्टी बघणार, विजेची बचत आणि सुरक्षा. जमलं तर ठीक. नाही जमलं तर इथली इन्चार्जची जागा बंद. सगळं पुण्यातून पडद्यावर बघतील, इथं फक्त वॉचमन ठेवतील आणि मला परत बोलावतील. म्हणजे मी तिथं आणि आई इथं. हे मी आईला सांगितलं नाही. तोंड उघडायची हिंमतच झाली नाही.

विजेचं गणित सोपं आहे. समजा मशीन एक पोळी खाते. तिला वारा घालणारा दुसरी पोळी खातो. आमचा वारा घालणारा भलताच खादाड होता. त्याचं खाणं कमी करायचं तर बाहेरची गार हवा आत घ्यायची. आता वऱ्हाडात आणि गार हवा, असं कुणीही हसेल. पण एप्रिलमध्येसुद्धा पहाटेपासून ऊन चढेपर्यंत हवा बरी असते. मी उत्तरेच्या भिंतीतले मोठे झरोके सकाळी उघडून पंख्यांनी बाहेरची हवा आत ओढायला सुरुवात केली. मशीनांची तापलेली हवा इमारतीच्या मागच्या बाजूनं बाहेर. विजेचा आकडा झपकन खाली आला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी एक दिवस एकटीच जाऊन कचोरी खाऊन आले.

माझे ग्रह फिरले ते डब्यामुळं. एके दिवशी मी डबा विसरले आणि आई तो घेऊन गेटवर आली. आमचा वॉचमन धाड गावाकडचा, उंचापुरा, मिशीवाला. कुंपणाला तारा, जागोजागी कॅमेरे, दारांना कार्ड आणि अंगठा. एकदा एका बड्या पाहुण्याला त्यानं कार्ड नाही म्हणून उन्हात उभं ठेवलं होतं. पण आईला बघितल्यावर त्याचं सगळं शिक्षण विरघळलं. म्हातारं माणूस उन्हात कसं उभं करायचं म्हणून त्यानं तिला आत घेतलं, आणि सावली कुठं, तर इमारतीच्या मागं. तिथं आईला ती हवा लागली. कोरडी, कडक, एकसारखी वाहणारी, आणि कुणाच्याही उपयोगाची नसलेली.

संध्याकाळी घरी आले तर आई पेटलेली. एवढी चांगली गरम हवा तुम्ही वाया घालवता, लाज कशी वाटत नाही, असा एकूण सूर. मी विजेच्या बचतीवर पुण्यात भाषण देऊन आलेली बाई, पण त्या हवेचं काय करायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मला सुचलंही नव्हतं. आईला पाच मिनिटांत सुचलं. कुरडया.

मी साफ नाही म्हटलं. ती सुरक्षित जागा आहे, तिथं चिमणीसुद्धा कार्डाशिवाय येत नाही. आईनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसले तर मागच्या बाजूला खाटा मांडलेल्या, त्यावर जुनी पातळं अंथरलेली, आणि आई व गल्लीतल्या दोघीजणी सोऱ्यानं कुरडया घालतायत. शेजारी सांडगे. पलीकडे साबुदाण्याच्या पापड्या. वॉचमन खाटेचा पाय धरून उभा, ती डुगडुगत होती म्हणून.

मी तरातरा खाली गेले. वॉचमनला झापलं. तो म्हणाला, मॅडम, मावशीले कसं अडवू? मग आईकडे वळले. ही कंपनीची जागा आहे, ही चोरी आहे, असं काहीबाही बोलले. आई सोऱ्या फिरवतच म्हणाली, "तुमची हवा तुमाले नको, मले पायजे. मंग चोरी कोनाची झाली?" हा प्रश्न पुण्याच्या साहेबांकडं पाठवावा, असं क्षणभर वाटलं. मी एवढंच म्हटलं की हे वाळलं की उचला, आणि यापुढं इमारतीच्या मागं बसायचं नाही. आई हो म्हणाली. ती इतक्या सहज हो म्हणाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

यंदा तिनं घातलेलं वाळवण बघून मी चिडलेच होते. आम्ही दोघी माणसं. घरात कुरडयांचे डबे एकावर एक. कशाला एवढं, विचारलं तर म्हणाली, लागते. आणि गल्लीतल्या बायाही रोज नेमानं हिच्या मदतीला. स्वतःचं सोडून हिचंच करत होत्या.

ऑडिटचा दिवस उजाडला. ऑडिटर पुण्याहून आदल्या दिवशीच आले होते. नीटनेटका माणूस, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिणारा, चहा नको, बिस्किट नको. सकाळची हवा आत कशी घेतो ते त्यांना बघायचं होतं, म्हणून भल्या सकाळी आम्ही दोघं मशीनांच्या हॉलमध्ये गेलो. त्यांनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. एवढ्या उन्हाच्या गावात हा आकडा त्यांना अपेक्षित नव्हता. मी मनातल्या मनात आईला सांगून टाकलं की आता काळजी नाही.

तेवढ्यात ते शिंकले. मग पुन्हा शिंकले. मग त्यांना असा ठसका लागला की चष्मा खाली पडला. माझेही डोळे झोंबायला लागले. आणि सायरन सुरू झाला.

हॉलच्या छताला हवा हुंगणारी यंत्रं असतात. आगीचा धूर माणसाला दिसायच्या आधी त्यांना कळतो. त्यांना धूर वाटला की सगळ्या दारांची कुलपं आपोआप उघडतात, माणसांना पळता यावं म्हणून, आणि थोड्या वेळानं आग विझवणारा गॅस सुटतो. गॅस सुटला की सेंटर बंद, आणि ऑडिटही तिथंच संपलं. दाराशी एक बटण असतं. ते दाबून धरलं तर गॅस थांबतो. हात काढला की सुटतो.

ऑडिटर बाहेर पळाले. मी बटण दाबून उभी राहिले, कारण तोवर माझ्या नाकानं निकाल दिला होता. हा धूर नव्हता. ही मिरची होती, आणि चांगली तिखटजाळ.

दुसऱ्या हातातल्या फोनवर पुण्याचा माणूस. त्याच्या पडद्यावर धूर दिसत होता. मॅडम, बाहेर पडा, गॅस सुटू द्या. मी म्हटलं, मिरची आहे. तो म्हणाला, हा कुठला एरर? मी खोकत खोकत म्हटलं, अहो, लाल मिरची, भाजीत घालतात ती. पलीकडून की-बोर्डची टकटक ऐकू आली. बहुतेक कुठल्या यादीत शोधत असावा.

झालं होतं असं. मागं बसू नका म्हटलं होतं, म्हणून आई आणि त्या दोघीजणी बाजूला बसल्या होत्या. उत्तरेकडं. तिथं कडुनिंबाची सावली, आणि नवल म्हणजे सतत गार झुळूक. ती झुळूक माझ्या पंख्यांची होती, झरोक्यांतून आत ओढली जाणारी. त्या झुळकेत निवांत बसून त्या मिरच्यांचे देठ खुडत होत्या, बी झाडत होत्या. आणि आनंद हा की एवढी ढीगभर मिरची, पण एकीलाही ठसका नाही. ठसका सगळा आमच्याकडं येत होता.

सायरन वाजला तसे वॉचमन आणि बाकीची माणसं नियमाप्रमाणं गेटजवळ जमली. ऑडिटर आले. मी नाही आले. कुणीतरी म्हणालं, मॅडम आतच हायेत. सायरन ऐकून तिथं आलेल्या आईनं ते ऐकलं.

मी बटणाला चिकटलेली, डोळ्यांतून पाणी, आणि समोरून आई येताना दिसली. कार्डाचं दार उघडं, अंगठ्याचं दार उघडं. पदर खोचलेला, पायात चप्पल नाही, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला गंज, म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. मागं त्या दोघी, एकीच्या हातात बादली. कोट्यवधी माणसांचे हिशोब जपणाऱ्या मशीनसमोर आई उभी राहिली आणि तिनं गंज उचलला.

"आग कुठी हाये?"

"आई, पाणी नको! आग नाही, तुझी मिरची हाये!"

ती थांबली. हवा हुंगली. गंज खाली ठेवला नाही, पण पाणी टाकलंही नाही. मग माझ्याकडे बघितलं तेव्हा गंज कलंडला आणि पाणी तिच्याच पायांवर सांडलं. मी बटण सोडू शकत नव्हते. तिला जवळ घेऊ शकत नव्हते. तशीच उभी राहून मी तिच्यावर ओरडत होते की आगीत कशाला शिरलीस, आणि ती माझ्यावर ओरडत होती की तू काऊन नाही निघाली.

झरोके बंद केले, हवा निवळली, सायरन थांबला. दुपारी ऑडिटरांनी मला बोलावलं. नाक लाल, आवाज बसलेला. सुरक्षेच्या बाबतीत ते एकेक चूक बोटांवर मोजत गेले. कार्डाशिवाय तीन बायका, पाण्यासकट, थेट गाभ्यापर्यंत. मी मान खाली घालून ऐकत होते. मला पुण्याची खोली दिसायला लागली होती.

मग ते म्हणाले, "सुरक्षेत तुम्ही नापास आहात. ते सुधारावं लागेल. पण पुण्यातून मिरचीचा वास येत नाही, हेही मला लिहावं लागेल. इथं माणूस पाहिजे."

मी घरी गेले ती जवळजवळ पळत. आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. नोकरी इथून जाणार होती, मला पुण्याला जावं लागणार होतं, पण आता नाही, मी इथंच. मला वाटलं ती देवापुढं साखर ठेवेल. ती डब्यांकडे बघत म्हणाली, मंग आता एवढ्या कुरडया कोन खाईन?

मला पुण्याला परत जावं लागणार, हे वॉचमननं तिला केव्हाच सांगितलं होतं. गेटवर सगळ्यांना माहीत होतं, गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ते वाळवण पुण्यासाठी होतं, वर्षभराचं. त्या बाया रोज मदतीला येत होत्या, त्या तिला निरोप द्यायचा म्हणून.

"तू येणार होतीस?" मी विचारलं. "पुण्याला?"

"तू जाशीन तं मी इथी काय भिंतीसंग बोलू?" आई म्हणाली. "लावून जेवलो असतो दार."

तिनं पुढच्या महिन्यापासून दूधसुद्धा बंद करायला सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला थांबवून, बंद करू नका म्हणून सांगायला मीच खाली गेले.