नावाड्याच्या मुलीचं काय झालं

खुर्चीवाले काका पुस्तकं वाचत नसत, ऐकत असत. यात फरक आहे. वाचणारा माणूस कंटाळला की चार पानं ओलांडून पुढे जातो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. सव्वीस वर्षांत आपण एक ओळही चुकवलेली नाही, असं काका छातीठोकपणे सांगत. सांगत कुणाला, तर खुर्ची दुरुस्तीला टाकलेल्या गिऱ्हाइकाला. ते बिचारं 'कधी मिळेल' एवढंच विचारायला आलेलं असे आणि अर्धी कादंबरी ऐकून परत जाई.

वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणणं हा काकांचा धंदा. घराची पुढची खोली हाच कारखाना. घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, चौकटीच्या भोकांत पट्टी निसटू नये म्हणून ठोकलेल्या लाकडी खुंट्या, आणि बुटक्या स्टुलावर वाकून बसलेले काका. एक पट्टी वरून, एक खालून, मग तिरकी. या कामाला हात लागतात आणि थोडेफार डोळे. कान रिकामेच राहतात. त्या रिकाम्या कानांवर दुपारी तीन वाजता काकू हक्क सांगत. मागचं आवरून, हात पुसत त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या, कालची खूण काढायच्या आणि मोठ्याने वाचायला लागायच्या. पाच वाजेपर्यंत.

काका मुकाट्याने ऐकणाऱ्यांतले नव्हते. "हा वकील आहे की कोण? घर सोडून चालला आणि बायकोला साधी चिठ्ठी नाही?"

"अहो, पुढे ऐका तरी."

"पुढे काय डोंबल ऐकायचंय! लेखकाचं डोकं फिरलंय."

काकू हसायच्या, बोटाने ओळ धरून थांबायच्या आणि लेखकाचा पुरेसा उद्धार झाला की पुन्हा सुरू करायच्या.

हे वाचन सुरू कसं झालं ते सांगायला हवं, आणि सांगताना मलाच जड जातंय. काकाकाकूंना एक मुलगी होती. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. सहा वर्षांची झाली आणि तापाचं निमित्त झालं. पाच दिवस इस्पितळात होती. सहाव्या दिवशी नव्हती. पुढच्या आठवड्यात काका जेवता जेवता ताटावरून उठले आणि म्हणाले, "या घरात आता तिचा विषय नको. मला सोसत नाही." काकू "बरं" म्हणाल्या. त्या बाईने शब्द पाळला. भिंगरीचे कपडे, पाटी, केसांच्या पिना सगळं कुठेतरी गेलं. कुठे गेलं ते काकांनी विचारलं नाही. घरात इतकी शांतता झाली की चमचा पडला तरी दोघं दचकायची.

असं वर्ष गेलं. मग एके दिवशी काकू कोपऱ्यावरच्या वाचनालयातून एक कादंबरी घेऊन आल्या. "मी वाचते, तुम्ही ऐका." काकांनी आधी नाक मुरडलं. चौथ्या दिवशी तीन वाजून गेले तरी काकू आतच होत्या, तेव्हा त्यांनीच हाक मारली, "अगं, नावाडी निघाला का पलीकडच्या तीरावर?"

ती गोष्ट एका नावाड्याची आणि त्याच्या मुलीची होती. मुलगी हट्टी, तोंडाळ, बापाच्या मागे सावलीसारखी. एकदा पुरात होडी उलटते. बाप कसाबसा काठाला लागतो, मुलगी वाहून जाते. काकूंनी हे वाचलं त्या दुपारी काकांचा हात थांबला. पट्टी बोटांत सुकली. सगळं गाव आशा सोडतं, तिसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या एका धोबिणीला ती एका ओंडक्याला धरून तरंगताना दिसते. अंगात ताप, शुद्ध नाही.

"जगली ना?" काकांनी विचारलं. 

"जगली," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

पुढे ती मुलगी बापाकडे परत आली, शाळेत गेली, गणितात दोनदा गचकली, मास्तरांशी भांडली आणि शेवटी स्वतःच शाळामास्तरीण झाली. ही गोष्ट चार महिने चालली. संपली तेव्हा काकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. नंतर पुस्तकं पुष्कळ आली, पण नावाड्याची मुलगी घरातलीच होऊन बसली. वीस वर्षांनीसुद्धा काका मध्येच म्हणायचे, "आता ती निवृत्तीला आली असेल, नाही?" आणि काकू म्हणायच्या, "अजून दोन वर्षं आहेत."

गेल्या वर्षी काकू गेल्या. सकाळी भाजी चिरताना छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. नातेवाईक आले, तेरा माणसांनी तेरा सल्ले दिले आणि निघून गेले. काकांच्या धाकट्या भावाने एक रेडिओ आणून ठेवला. "लावत जा, तेवढीच सोबत." काकांनी लावून पाहिला. पण रेडिओ सगळ्या जगाशी बोलतो. मध्ये हटकलं तर थांबत नाही. दोन दिवसांत त्यांनी त्याचं बटण पिळलं, ते कायमचं.

दिवस कसेही जात. तीन ते पाच जात नसत. काका मान खाली घालून विणत राहायचे, पण इतकी वर्षं हात त्या आवाजाच्या चालीवर चालले होते. ती चाल गेली आणि पट्टीवरचा ताण गेला. एका गिऱ्हाइकाने पंधरा दिवसांत खुर्ची परत आणली. बैठक झोळीसारखी खाली आली होती. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. काकांनी ती जाळी कापून काढली आणि कापता कापता त्यांना एक गोष्ट सुचली. आवाज गेला तो गेला. पण शब्द? शब्द तर पुस्तकातच आहेत, आणि पुस्तक कुठे पळून गेलंय? ते चौथीपर्यंत शिकले होते. बोट धरून, सावकाश का होईना, त्यांना वाचता येत होतं. मास्तरीणबाईंची शाळा, ती गणिताची भांडणं, काकूंच्या तोंडचं वाक्य न् वाक्य आपल्याला पुन्हा मिळेल. या आशेने त्या माणसाने कितीतरी महिन्यांनी चपला घातल्या.

वाचनालयातल्या बाई तीसेक वर्षं तिथे होत्या. काकांना त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं आणि नावाड्याची कादंबरी काढून दिली. काकांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "एवढीशी? आम्हाला तर चार महिने लागले होते."

पहिले चार दिवस सुखाचे गेले. तोच नावाडी, तोच घाट, तीच तोंडाळ पोर. काकांच्या ओठांवर काकूंचे शब्द येत होते. पाचव्या दिवशी पूर आला, होडी उलटली. काका घाईने धोबिणीपाशी पोचायला गेले. धोबीण नव्हतीच. तिसऱ्या दिवशी मुलीचं प्रेत सापडलं. कुठे, कुणाला, अंगावर काय होतं, सगळं लिहिलं होतं. पुढची साठ पानं नुसती आईबापांची होती.

काकांनी ते पान तीनदा वाचलं. मग पुस्तक पिशवीत टाकलं आणि तरातरा वाचनालय गाठलं.

"बाई, हे पुस्तक बांधताना घोळ झालाय. दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाची पानं आलीत यात."

बाईंनी पान पाहिलं. "नाही हो काका, असंच आहे हे."

"असं कसं असेल? ती मुलगी मास्तरीण होते! मी स्वतः ऐकलंय!" वर्तमानपत्र वाचत बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. बाईंनी आतून दुसरी प्रत आणून दिली. तिच्यातही मुलगी त्याच पानावर बुडाली होती.

काका रागाने आणखी तीन पुस्तकं घेऊन गेले. खोटं पाडायला माणूस कसा साक्षीदार गोळा करतो, तसे. दीड महिना ते वाचत होते. जुळ्या भावांच्या गोष्टीत धाकटा जुळा दगावला होता. काकूंच्या वाचनात तो पुढे नामांकित पेटीवादक झाला होता. जहाजावरचं अनाथ पोर थंडीत गारठून गेलं होतं. काकूंनी त्याला उबदार कोट मिळवून दिला होता आणि वर एक प्रेमळ आत्याही. गंमत अशी की म्हातारे, सासरे, सावकार, खलनायक यांना काकूंनी बिनदिक्कत मरू दिलं होतं. तिथे छापल्यापेक्षा एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. लहान मूल मात्र या घरात त्यांनी एकही मरू दिलं नव्हतं.

मग काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. जे शब्द ते शोधत होते ते पुस्तकात नव्हतेच कधी. ते काकूंचे होते, काकूंबरोबर गेले. आणि दुपारी खिडकीकडे पाठ करून बसलेली ती बाई डोळ्यांनी एक वाचत होती आणि तोंडाने दुसरं बोलत होती. काकांनी तिला नको म्हटलेला विषय पानापानावर तिच्या समोर येत होता आणि ती तो एकटीच गिळत होती. काका त्या दिवशी स्टुलावर बसून खूप वेळ रडले. काकू गेल्या तेव्हाही ते इतके रडले नव्हते.

पुस्तकं परत करायला गेले तेव्हा वाचनालयात कुणी नव्हतं. नावाड्याची कादंबरी बाईंपुढे ठेवून त्यांनी खाली बघत विचारलं, "आमची ही... हे पुस्तक पुन्हा कधी न्यायची का?"

"न्यायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "इथेच वाचायच्या. त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी, वर्षातून एकदा तरी. ती मुलगी बुडाल्याची पानं उघडून बसायच्या. मी एकदा म्हटलंसुद्धा, काकू, घरी न्या ना, निवांत वाचा. तर म्हणाल्या, घरी ती मुलगी जिवंत आहे हो."

काकांना आठवलं. पुस्तक बदलायला गेलेली काकू कधीकधी दोन दोन तास यायची नाही, आणि आली की ते खेकसायचे, 'गप्पा मारत बसली असशील.' ती म्हणायची, 'हो, बसले होते खरी.'

"आम्हाला एक मुलगी होती," काका म्हणाले. 

"भिंगरी," बाई म्हणाल्या.

अठ्ठावीस वर्षांत हे नाव त्यांच्या कानांवर पडलं नव्हतं. ते खुर्चीत बसले. 

"काकू खूप सांगायच्या तिचं," बाई हळूच म्हणाल्या. "सुरुवातीला मला वाटायचं, मुलगी घरीच आहे. तुमच्या खुंट्या ती फ्रॉकच्या खिशात लपवायची म्हणे. तुम्ही घरभर शोधायचात आणि ती तुमच्या मागे मागे फिरून तुम्हाला शोधायला मदत करायची."

काकांना हसू फुटलं, तेही हुंदक्यातून. हे ते साफ विसरले होते. नाही, विसरले नव्हते, गाडून टाकलं होतं. "आणखी?" त्यांनी विचारलं. "आणखी काय सांगायची?"

बाई सांगत राहिल्या. पोरीला अंधारापेक्षा उजेडाची भीती वाटायची, डोळे दिपायचे म्हणून. तिला केस विंचरलेले खपायचे नाहीत. तिने एकदा शेजारच्या आजींना 'तुम्ही कधी मोठ्या होणार' असं विचारलं होतं. काका एखाद्या कादंबरीसारखे ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी हटकलं नाही. त्यांच्याच मुलीची गोष्ट, आणि तीही काकूंच्या शब्दांत. ते शब्द इथे, या बाईकडे जपून ठेवलेले होते.

"आणि शेवटचं एक काकू दर वेळी सांगायच्या," बाई म्हणाल्या. "की शेवटी तुम्ही तिच्या उशाशी होतात. तिचा हात तुमच्या हातात होता. म्हणायच्या, पोर गेली ती बापाचा हात धरून गेली, तेवढंच समाधान."



पोर गेली त्या दुपारी काका इस्पितळात नव्हते. खुर्च्या द्यायच्या आहेत, गिऱ्हाईक खोळंबलंय, असं सांगून ते घरी निघून आले होते. खोळंबलं कुणीच नव्हतं. पोरीचा श्वास त्यांना बघवत नव्हता, एवढंच खरं होतं. घरी येऊन त्यांनी एक अख्खी बैठक विणली. संध्याकाळी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ते पट्ट्यांची टोकं कापत होते. काकूंनी तेव्हा काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही.

आत्ता नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ज्या बाईने इतक्या मुलांना जगवलं, तिने जाता जाता नवऱ्यालाही चांगला बाप करून ठेवलं होतं. आता ते खोटं पाडणारं कुणी उरलं नव्हतं. वाचनालयातल्या बाईंच्या डोळ्यांत त्यांच्याविषयी माया होती.

"नाही बाई," काका म्हणाले. "मी नव्हतो तिथे. ही एकटीच होती तिच्यापाशी."