कालच बांधलेली जुनी भिंत

दगड घडवताना कपच्या उडतात, तसे आमच्या कामावर किस्से पडतात. कपच्या भिंतीच्या पोटात भरता येतात. किस्से कुठं भरायचे? म्हणून सांगते.

आमची टोळी म्हणजे माझा लेक सोपान, सून कमल आन् मी. धारूरात बागंच्या भिंती बांधतो. समोरून काळा दगड, गढीच्या भिंतीवानी. आत सळई आन् सिमेंट. बाहेरून सिमेंट दिसू द्यायचं न्हाई, हीच करामत!

यंदा डॉक्टरसायबाच्या बागंचं काम घेतलं. भिंत त्यांच्या मेहुण्याला पसंत पडली तर मेहुण्याच्या मळ्याचं काम बी आमालाच. न्हाई तर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला! कमलनं सांगूनच टाकलं, "आत्याबाई, औंदा मी ट्रकात चढणार न्हाई."

*

डॉक्टर म्हणायचे, "सोपान, सिमेंट भरपूर घाल." मागून डॉक्टरीणबाई, "सिमेंटचा ठिपका जरी दिसला तरी भिंत पाडायला लावीन!"

सोपान दोघांनाबी "हो जी."

मी विचारलं, "आरं, ऐकायलास कुणाचं?"

"दिसतंय तिथं बाईचं, दिसत न्हाई तिथं सायबाचं."

कमल फिसकन हसली. "आत्याबाई, घरी तुमचं-माझं असंच करत्यात!"

*

दगडाला ताक फासलं की शेवाळ धरतं, भिंत जुनी दिसते, असं बाईनं मोबाईलवर बघितलं. धारूरच्या उन्हात शेवाळ! पण फासलं.

सकाळी गल्लीतली झाडून सगळी मांजरं भिंत चाटायला हजर.

"मावशी, शेवाळ कुठंय?"

"येईल की बाई. आधी ह्यांचा नाश्ता होऊ द्या!"

*

मागच्या मातीतलं पाणी निघायला भिंतीत पाइप ठेवावे लागतात. पाइपाची तोंडं बघून बाई कडाडल्या, "बुजवा ती भोकं!" पाणी तुंबलं तर भिंत फुगंल, हे सांगून सोपानचा घसा बसला.

मी म्हणलं, "बाई, जुन्या भिंतीत चिमण्यांसाठी भोकं असायचीच."

"अय्या, हो का? मग अजून दोन ठेवा!"

*

मेहुणे बघायला आले, नेमका त्याच वक्ताला पाण्याचा टँकर रिवर्स आला. "येऊ दे, येऊ दे" म्हणत हात हलवणारे खुद्द डॉक्टरसायेब!

धाड!

कमलनं डोळे गच्च मिटले. सोपान हातात थापी घेऊन नुसता उभा.

धुरळा बसला. टँकरचा बंपर आत गेलेला. भिंतीची कपची बी उडाली न्हाई.

मेहुण्यानं दगडावरून हात फिरवला. "सोपान, माझ्या मळ्यावर कवा येतो?" कमलनं एक डोळा उघडला.

तेवढ्यात डायव्हर खाली उतरला. बंपर बघितला, भिंत बघितली, मान डोलवली.

"जुन्या लोकांचं काम हाय सायेब! आताचे मिस्त्री नुसतं सिमेंट चोपडत्यात. ह्यांच्या बापजन्मी जमायचं न्हाई!"

सोपाननं थापी हळूच पाठीमागं नेली. बाईनं तोंडाला पदर लावला.

डायव्हर माझ्याकडं वळला. "आजी, कवाची हो ही?"

"लेकरा, मी नांदायला आले तवा बी हितंच होती!"