माझ्या लेकाचं पोट कापलंय

मी पडलो तेव्हा न्हाणीघराला आतून कडी होती. ओल्या फरशीवर पाय सटकला आणि मी भिंत आणि पाण्याचं पिंप यांच्या मधल्या जागेत अडकून बसलो. फार लागलं नव्हतं, पण उठता येईना. नळ धरून पाहिला तर तोच हलायला लागला. गुडघ्यावर यावं म्हटलं तर पोट आड येत होतं. बाहेरून बायको विचारत होती, "अहो, काय पडलं?" मी बराच वेळ "काही नाही, काही नाही" म्हणत राहिलो.

शेवटी तिनं शेजाऱ्यांना हाक मारली. नांदेडला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या दारातले निवृत्त मास्तर आले, त्यांचा थोरला मुलगा आला, आणि खाली शिलाईचं दुकान असलेले चाचा त्यांच्या कारागिराला घेऊन आले. बायकोनं झरोक्यातून टॉवेल आत टाकला. तो माझ्या कमरेला पुरत नव्हता हे तिलाही ठाऊक होतं. मी तो मांडीवर पसरला आणि डोळे मिटून घेतले. दार तोडलं गेलं, पाठीखालून चादर सरकवली गेली, आणि चौघांनी मला उचललं. चाचा सारखे म्हणत होते, "आस्ते, आस्ते. साहेबांना लागंल."

कुणी हसलं नाही. बायकोनं चहा ठेवते म्हटलं तर सगळ्यांना अचानक कामं आठवली. मुलगी सातवीत होती. शाळेत जायच्या तयारीत ती पॅसेजमध्ये उभी होती, आणि चादर पुढं न्यायला जागा व्हावी म्हणून भिंतीला टेकून अंग चोरून घेत होती. त्याच आठवड्यात तिच्या शाळेत पालकसभा होती. दरवेळी मीच जायचो. सकाळी वेणी घालून घेताना ती आईला म्हणाली, "तू ये ना. पप्पांना जिने चढायला त्रास होतो." मी आतल्या खोलीत बूट घालत होतो. ते काढून परत ठेवले.

वजन कमी करायचा प्रयत्न मी केला नव्हता असं नाही. लग्नानंतर दहा-बारा वर्षं मी तेवढंच केलं. पहाटे फिरणं, गरम पाणी, काढे, कुणीतरी सांगितलेली भुकटी. चार महिन्यांत उतरायचं ते पुढच्या दोन महिन्यांत व्याजासकट परत यायचं. कार्यालयात मी कारकून आहे. माझ्या खुर्चीला हात नाहीत, ते शिपायानं काढून दिले होते, मी न सांगता. झोपेत श्वास अडकायचा म्हणून तोंडावर मशीन लावून झोपायचो. साखर होती, रक्तदाब होता. डॉक्टर दोन वर्षांपासून ऑपरेशनचं नाव काढत होते आणि मी हसून विषय बदलत होतो. न्हाणीघरानंतर हसू आलं नाही. बायकोच म्हणाली, "लातूरला दाखवून येऊ. माझा भाऊ आहेच तिथं."

लातूरच्या दवाखान्यातून फोनवर आधी उंची आणि वजन विचारलं. उंची सांगितली. वजन मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या डॉक्टरांचा काटा शेवटच्या आकड्याच्या पलीकडं जाऊन थांबायचा आणि ते "ठीक आहे" म्हणून कागदावर रेघ मारायचे. मेव्हण्याची लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत आहे, तूर आणि सोयाबीनची. तो म्हणाला, "दाजी, रविवारी या. मोंढा बंद असतो. आपल्या दुकानातच बघू."

रविवारी बायकोला घेऊन गेलो. शटर अर्धं वर होतं, मला वाकता येईना म्हणून पूर्ण वर करावं लागलं. पोती तोलायचा लोखंडी काटा जमिनीवर होता. मी चप्पल काढून त्यावर उभा राहिलो. सगळीकडं भुश्शाचा वास होता. तेवढ्यात आतल्या थप्पीमागून एक म्हातारा हमाल उठून आला. मोंढा बंद असला की तो तिथंच झोपायचा, हे मेव्हणा विसरला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, काट्याकडं पाहिलं, आणि पाठ फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा राहिला. आकडा स्थिर होईपर्यंत तो हलला नाही. मेव्हण्यानं आकडा मोबाईलमध्ये लिहून घेतला आणि मोठ्यानं वाचला नाही. मी खाली उतरलो. परत नांदेडला येईपर्यंत बायकोशी एक शब्द बोललो नाही, जणू तिनंच मला त्या काट्यावर चढवलं होतं.

लातूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दुर्बिणीतून करायचं, पोटावर बारीक छिद्रं पडतील. जठराचा मोठा भाग कापून काढायचा, उरेल ती केळ्याएवढी नळी. मी विचारलं, "आणि काढलेला भाग?" ते म्हणाले, "तो तपासायला जातो. परत बसवता येत नाही, हे मात्र समजून घ्या." तिथल्याच समुपदेशक बाईंनी वेगळ्या खोलीत बसवून विचारलं, तुम्ही कधी जास्त खाता? राग आला की? एकटे असलात की? मी म्हणालो, "भूक लागली की." त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग मी सांगितलं की कार्यालयातून घरी जाताना रोज एका गाड्यावर मिरची भजी खातो, आणि घरी जाऊन परत जेवतो. बायको शेजारीच बसली होती. ती टेबलावरच्या पेनकडं बघत होती. भज्यांचा वास माझ्या शर्टाला रोज येत असणार, हे मला तेव्हा सुचलं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ. ताक, वरणाचं पाणी, डब्यातली प्रोटीनची भुकटी. त्यानं लिव्हर आकसतं आणि डॉक्टरांना हात घालायला जागा मिळते, असं सांगितलं होतं. घरात शिजणाऱ्या भाताचा वास येऊ नये म्हणून मी गॅलरीत बसायचो. छातीच्या व्यायामाला प्लॅस्टिकचं एक खेळणं दिलं होतं, त्यात श्वास आत ओढून तीन गोळे वर उचलायचे. मला दोनच उचलता यायचे. मुलगी अभ्यास सोडून बघायची. एकदा म्हणाली, "पप्पा, तिसरा थोडा हलला." खरंच हलला होता की नाही, कुणास ठाऊक.

ऑपरेशनचं खरं कारण बायको आणि मेव्हणा सोडून कुणाला सांगितलं नाही. कार्यालयात, शेजारी, गावाकडं, सगळीकडं एकच, हर्निया. वजन कमी करायला माणूस पोट कापून घेतो, हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. ज्याला तोंड आवरत नाही त्याला पोट कापावं लागतं, असं लोक म्हणतील. मीसुद्धा तसंच म्हणत होतो, मनातल्या मनात.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आलो तेव्हा खांद्यात दुखत होतं, पोटात भरलेल्या हवेनं दुखतं म्हणाले. संध्याकाळीच चालवलं. दवाखान्याचा गाऊन मागं बांधला जात नव्हता, म्हणून सिस्टरनं दुसरा गाऊन उलटा घालून मागची बाजू झाकली. मला अगदी सहज म्हणाली, "असं करतो आम्ही." पाणी प्यायचं तर बाटलीच्या बुचानं, घोट घोट. एक बूच पाणी प्यायल्यावर छातीत असं भरून आलं की तांब्याभर पाणी गटागटा पिणारा मी बूच हातात धरून बसून राहिलो.

माय गावाहून आली ती महिनाभरानं, नांदेडला. आमचं गाव देवणीकडं. वडील गेल्यापासून ती थोरल्या भावाकडं असते. हर्नियाचं कळल्यावर तिला लगेच यायचं होतं, मीच काहीतरी सांगून थांबवलं होतं. ती आली ती पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि आमटीचा येसर घेऊन. मला दारात पाहून म्हणाली, "सुकलास की रं." वजन चांगलंच उतरलं होतं, पण मी मोठाच दिसत होतो. सुकलेला मला तिच्याशिवाय कुणी म्हटलं नसतं.

जेवायला बसलो. मला मऊ खायची परवानगी मिळाली होती, तेही चमच्यानं, चावून चावून. बायकोनं माझ्यासाठी वाटीत पातळ खिचडी घेतली. मायनं ती बाजूला सारली आणि धपाटं कुस्करून त्यावर तूप घातलं.

"एवढं खा. माझ्या हातचं हाय."

बायको म्हणाली, "आई, त्यांना चालत नाही."

"हर्नियाला धपाटं का चालत न्हाई?"

मी खाल्लं. दोन घास, तेही घाईनं, विषय संपावा म्हणून. तिसरा घास घशाखाली उतरेना. छातीत दगड अडकल्यासारखं झालं, तोंडात लाळ सुटली, आणि बेसिनपर्यंत जायच्या आत मी ओकलो. पुसायला बायको धावली तर मायनं तिला बाजूला केलं आणि आपणच पुसायला बसली. पुसता पुसता म्हणाली, "माझ्या हाताचं काय बिघडलं का?"

तिला तसं वाटू द्यायचं की खरं सांगायचं, एवढंच उरलं होतं. मी सांगितलं. तिला आधी समजलंच नाही. "पोट कापलं म्हंजे? आतलं?" मी केळ्याचं उदाहरण दिलं. ती माझ्या शर्टाकडं बघत राहिली.

"मग भूक?"

"लागते. थोडी."

"आन् सणावाराला?"

"थोडंच खायचं."

"जन्मभर?"

"हाव."

ती उठली, फडकं धुतलं, आणि उरलेले धपाटे परत पिशवीत बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला विचारून तिनं मुगाचं वरण शिजवलं, घोटलं, गाळलं, आणि छोट्या वाटीत मला आणून दिलं. वाटी देताना माझ्याकडं बघितलं नाही. आपल्या पोराला एवढंसं वाढायची तिला लाज वाटत होती, आणि मला ते घ्यायची.

पुढच्या महिन्यांत वजन भराभर उतरलं. केसही गळले, कंगव्यात गुंतवळ यायचं. दंडाखाली, पोटावर कातडी लोंबायला लागली. कार्यालयात लोक विचारायचे, काय करता साहेब? मी म्हणायचो, चालतो. ते खरंही होतं, मी चालत होतो. एकानं सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं, मनावर घेतलं की माणूस काय करू शकतो बघा. मी फायलीत डोकं घातलं. घरी शर्ट बदलताना मी दिवा बंद करायचो, आधीसारखाच.

वर्ष होत आलं तेव्हा चुलत भावाच्या मुलाचं लग्न निघालं, देवणीजवळच्याच गावात. मांडवात सगळ्यांची नजर माझ्यावर. आजारी हाय का, शुगर वाढली का, असं कानावर येत होतं. पंगतीला मांडी घालून बसलो, कितीतरी वर्षांनी. वाढपी बुंदी घेऊन आला. मी हात आडवा धरला. त्यानं हाताच्या बाजूनं वाढली. मागून चुलत भाऊ आला, "वाढ, वाढ, आमचा भाऊ एकटा परात संपवायचा." लोक हसले. आग्रह वाढत गेला. दोन दाणे तोंडात टाकले आणि घाम फुटला. गोड झेपत नव्हतं.

माय बायकांच्या पंगतीत होती. ती ताटावरून उठली. उष्ट्या हातानं, पदर खोचून ती पुरुषांच्या पंगतीत आली आणि वाढप्याच्या हातातला डाव धरला.

"वाढू नको त्याला. माझ्या लेकाचं पोट कापलंय. लातूरला ऑपरेशन केलंय, वजनासाठी. त्याला एवढंसंच जातं. कुणी आग्रह करू नका."

आवाज तिचा शेतात हाक मारायचा आवाज. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आचाऱ्यानंही वळून पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, "हर्निया म्हणला होता ना?" मी पत्रावळीकडं बघत राहिलो. उठून जावं तर अख्ख्या पंगतीसमोरून जावं लागणार होतं. मी बसलो, वरणभाताचे चार घास खाल्ले, आणि सगळे उठेपर्यंत बसून राहिलो.

परतताना जीपमध्ये माय माझ्या शेजारी होती. बराच रस्ता गेल्यावर तिनं विचारलं, "सांगितलं म्हणून राग आला का?"

"हाव."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मी तिच्याशी पुढं बरेच दिवस तुटक बोललो. गावात माझं नाव पोटकाप्या पडलं, असं भावानं हसत सांगितलं. मी फोन ठेवून दिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई होत्या. म्हणाल्या, "दादा, मी त्या लग्नातली. नवरीची आत्या. उमरीला असते. तुम्ही मला बघितलं नसेल." मला त्या आठवल्या. मांडवाच्या कडेला, कूलरमागं खुर्ची घेऊन बसलेली एक लठ्ठ बाई, पंगतीला न बसलेली. मीही वर्षानुवर्षं तसाच कडेला बसायचो, म्हणून माझी नजर गेली होती. नंबर त्यांनी दुसरंच काहीतरी कारण सांगून मायकडून घेतला होता.

"दुखतं का हो?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणून मोकळा होणार होतो. पण त्यांचा श्वास मला फोनवर ऐकू येत होता, बोलूनही लागलेली धाप. मी दार लावून घेतलं आणि सांगत गेलो. आधीचं पातळ खाणं, बुचानं पाणी, ओकाऱ्या, गळणारे केस, लोंबती कातडी, रोजच्या गोळ्या. मशीन सुटलं, साखरेची औषधं निम्म्यावर आली, हेही. सगळ्यांना नाही जमत, आधी डॉक्टर तपासतात, हेही. त्यांनी मध्येच विचारलं, "आणि लोक काय म्हणतात?"

"म्हणतात," मी म्हणालो. "मला अजून लाज वाटते. ती काही ऑपरेशननं गेली नाही."

त्यांनी लातूरच्या दवाखान्याचा पत्ता विचारला. मी तो दिला, आणि यायचं असलं तर मेव्हण्याकडं उतरा, माझी बायको बरोबर येईल, असंही सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण दादा, हे कुणाला सांगू नका. तुमच्या मायला तर नकोच."

"नाही सांगत," मी म्हणालो.