ओळीच्या शेवटचा हायफन

मोरेकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने, सुजाताने, दुपारी फोनवर सांगितलं. तेव्हा मी दादरला कॉलेजात उत्तरपत्रिका तपासत होते. "बाबा गेले गं. झोपेतच..." एवढंच ती बोलली. त्याला आता महिना होईल. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. काका गिरगावातल्या एका छापखान्यात इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासायचे. कधी कधी ती घरी आणून मधल्या पॅसेजमध्ये स्टुलावर बसून वाचायचे आणि आम्हा दोघींना बोलावून आखूड आणि लांब रेघेतला फरक दाखवायचे. आखूड तो हायफन, दोन शब्द जोडणारा. लांब तो डॅश, वाक्य मध्येच थांबवून काही सांगणारा. "शिकलेली माणसंही दोन्हीकडे एकच रेघ ओढतात," ते म्हणायचे, "आणि वर म्हणतात, समजून घ्या." आम्हाला ते सगळं फार किरकोळ वाटायचं.

पुढे मी कॉलेजात कंत्राटावर इतिहास शिकवू लागले. तिसऱ्या वर्षी, करारावर पुन्हा सही करायला तयार आहे, असं पत्र द्यायचं होतं. हाताने लिहिलेला इंग्रजी मसुदा मी काकांना दाखवला. ते नुकतेच निवृत्त झाले होते. पुन्हा सही करणे या अर्थाचा 'री-साइन' हा शब्द माझ्या मसुद्यात नेमका ओळीच्या शेवटी आला होता. वर 'री' आणि हायफन, खाली 'साइन'. काकांनी वाचून "ठीक आहे" म्हटलं. टायपिंगवाल्याला वाटलं, जागा संपली म्हणून शब्द तोडलाय. त्याने तो जोडून टाकला. हायफन गेला की त्याच अक्षरांचा 'रिझाइन' होतो, म्हणजे राजीनामा. मी न वाचता सही केली. आठवड्याने ऑफिसचं उत्तर आलं... राजीनामा मंजूर.

काका इस्त्रीचा शर्ट घालून मसुद्यासह माझ्याबरोबर प्राचार्यांकडे आले. टायपिंगवाल्याने चूक केली, असं मी सांगू लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "नाही मॅडम. ओळीच्या शेवटचा हायफन ठेवायचा की काढायचा, हे समासात लिहून द्यायचं काम तपासणाऱ्याचं. ते मी केलं नाही." त्यांनी कागद मागून तसं लिहून दिलं आणि खाली सही केली.

"एवढ्याशा रेघेसाठी तुम्ही स्वतः आलात?" प्राचार्य म्हणाल्या.

"रेघ एवढीशीच असते. नोकरी हिची आहे."

मॅडमनी मला नवं पत्र आणायला सांगितलं. मी आजही तिथेच शिकवते. त्या दिवशी परतताना आम्ही बसस्टॉपवर थांबलो. "छापखान्यात कधी झालं नाही," ते म्हणाले, "आणि तुझ्याच पत्रात..." सही मीच न वाचता केली होती, हे मी त्यांना सांगितलं. नवं पत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हा "दुसऱ्या कुणाला दाखव" म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझा एकही कागद तपासला नाही. कुणाचाच नाही, असं मी धरून चालले होते.

परवा सुजाताकडे गेले. चाळीच्या जागी झालेल्या नव्या टॉवरमधल्या त्यांच्या घरात फ्रिजवर काकांचा रुग्णालयातून सोडतानाचा कागद चिकटवलेला आहे. त्यात दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आहे. 'फॉलो' आणि 'अप' यांच्यामधला हायफन पेन्सिलीने खोडलाय. शब्द तिथे क्रियापद आहे, हायफन नकोच. समासात बारीक अक्षरात काकांनी लिहिलंय, 'काढा'. पुन्हा दाखवायची तारीख उलटून गेलीय. सुजाताने कागद काढलेला नाही.